वक्तृत्वशास्त्राच्या डॉक्टरेटचा उंबरठा

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी हा विषय जाहीर झाला तेव्हा काही जुन्या सहकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मला ठाऊक आहे. महागाई आहे, बेकारी आहे, कंत्राटी नोकरभरती आहे. एवढे प्रश्न दाराशी उभे असताना अमेरिकेतील विद्यापीठांत 'ऱ्हेटरिक' या विषयाच्या पीएच. डी.ला प्रवेश कसा मिळतो याची उठाठेव आपण का करावी, असा त्यांचा सवाल आहे. सवाल रास्त आहे. माझे उत्तर असे की, एखादा समाज आपली विषमता कशी सांभाळतो हे पाहावयाचे असेल तर त्याच्या कारखान्यांकडे पाहावे तसेच त्याच्या प्रवेशद्वारांकडेही पाहावे. आणि हे प्रवेशद्वार तर असे की, ज्याच्या आत माणसांची मने वळविण्याची विद्या शिकविली जाते. चळवळीतल्या माणसाला त्या विद्येशी देणेघेणे नाही, असे निदान या सभागृहात कोणी म्हणू नये.

'ऱ्हेटरिक'ला आपण वक्तृत्वशास्त्र म्हणू. मात्र तेवढ्यावरून शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धा डोळ्यांपुढे आणू नयेत. परंपरागत कथा अशी आहे की, इ. स. पूर्व पाचव्या शतकात सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरात जुलमी सत्ताधीशांची राजवट कोसळली आणि त्यांनी बळकावलेल्या जमिनी परत मिळविण्यासाठी लोक न्यायासनापुढे उभे राहू लागले. वकील नव्हते, ज्याने त्याने आपली बाजू आपणच मांडावयाची. तेव्हा कोरॅक्स नावाच्या गृहस्थाने मांडणीचे काही नियम घालून दिले. म्हणजे या शास्त्राचा जन्म जमिनीच्या कज्ज्यातला! आपले अलंकारशास्त्र काव्याच्या अंगणात वाढले, ते सभेत आणि कचेरीत वाढले, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आज या विषयाचे अभ्यासक केवळ भाषणे तपासत नाहीत; न्यायालयाचे निवाडे, वृत्तपत्रांचे अग्रलेख, जाहिराती, सरकारी अहवाल, वैज्ञानिकांचे निबंध हे सारे वाचकाला कसे पटवितात याची चिकित्सा ते करतात. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात आणि टेक्सास वुमन्स विद्यापीठात त्यात डॉक्टरेट करता येते.

तेथे प्रवेशासाठी काय लागते? तपशील विद्यापीठागणिक बदलतो, पण सांगाडा एकच असतो. पूर्वीच्या पदव्यांची गुणपत्रके, बहुधा तीन शिफारसपत्रे, आपण काय आणि कशासाठी संशोधन करू इच्छितो ते सांगणारे दोन-तीन पानांचे उद्देशपत्र, सामान्यतः पंधरा ते पंचवीस पानांचा लेखननमुना, परदेशी उमेदवाराला टोफेलसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, आणि अर्जशुल्क. जीआरई नावाची सामायिक परीक्षा अनेक दशके सक्तीची होती. पुष्कळ विभागांनी, विशेषतः २०२०च्या महासाथीनंतर, ती अट काढून टाकली. हे चांगले झाले. नाहीतर जीआरई आणि टोफेल या दोन परीक्षांतच आपल्याकडच्या उमेदवाराचे तीस हजारांच्या वर रुपये खर्ची पडत. त्यावर प्रत्येक विद्यापीठाचे शंभर डॉलरच्या आसपास अर्जशुल्क, आणि शहाणा उमेदवार एकाच ठिकाणी अर्ज करून थांबत नाही. शेतमजुराच्या घरात ही रक्कम वर्षाच्या मिठामिरचीची असते.

परंतु पैशाची अट निदान उघड असते. न दिसणाऱ्या अटी अधिक जाचक. शिफारसपत्राचेच पाहा. ते पत्र प्राध्यापकाने आपल्या संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून पाठवावे अशी अपेक्षा असते, आणि त्यात उमेदवाराच्या विचारशक्तीचे दाखल्यांसह वर्णन हवे असते. 'सदर विद्यार्थी वर्तणुकीने चांगला व अभ्यासात हुशार आहे' या आपल्या ठरीव वाक्याला तेथे कवडीची किंमत नाही. आता आपल्या तालुक्याच्या गावचे महाविद्यालय घ्या. तेथे विद्यार्थ्याला खरोखर ओळखणारा, त्याच्याशी वर्गाबाहेर चार गोष्टी बोलणारा शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावरचा असतो. त्याची नोकरी पुढच्या जूनमध्ये असेल की नाही हे त्यालाच ठाऊक नसते. अधिकृत ईमेल तर दूरच. ज्याच्या सहीला वजन आहे त्याला विद्यार्थ्याचे नाव ठाऊक नाही आणि ज्याला नाव ठाऊक आहे त्याच्या सहीला वजन नाही.

लेखननमुन्याची गोष्ट याहून बिकट. वीस पानांचा सलग, युक्तिवादाने बांधलेला, संदर्भ देऊन लिहिलेला निबंध आपल्याकडे एम. ए. झालेल्या किती मुलांनी आयुष्यात एकदा तरी लिहिलेला असतो? तीन तासांच्या परीक्षेत पाच प्रश्नांची गाईडबरहुकूम उत्तरे लिहून आपण पदव्या देतो, आणि मग तोच मुलगा जगाच्या बाजारात 'लिहिता न येणारा' ठरतो. शिवाय तो निबंध इंग्रजीत हवा. मराठी माध्यमातून शिकलेली एखादी मुलगी मराठीत धारदार लिहीत असेल, गावच्या ग्रामसभेत भल्याभल्यांना निरुत्तर करीत असेल, म्हणजे वक्तृत्वशास्त्राची जी मूळ कसोटी तीत ती उतरत असेल, तरी या दारात तिचे ते सामर्थ्य मोजण्याचे माप नाही.

उद्देशपत्रात कोणत्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करावयाचे, विभागाच्या संशोधनाशी आपला प्रश्न कसा जुळतो, हे लिहावयाचे असते. ही माहिती गुप्त नाही. पण ती तशी लिहावी लागते हे कळण्यासाठी घरात, नात्यात, किमान वसतिगृहाच्या खोलीत तरी आधी कोणी गेलेला असावा लागतो. ज्यांच्या घरातून कोणी गेलेले नाही ते या पत्रात बालपणीचा संघर्ष लिहितात, आणि समिती पान उलटते.

मी हे सारे अमेरिकेच्या द्वेषाने सांगत नाही. गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, ही आहे की, प्रवेशपरीक्षेचे हे हत्यार ज्या विषयाच्या हातांनी घडले तो विषय म्हणजे हाच. हार्वर्डमध्ये बॉयल्स्टन नावाच्या व्यापाऱ्याच्या देणगीतून वक्तृत्वशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले आणि १८०६ मध्ये त्यावर पहिली नेमणूक झाली ती पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांची. तोपर्यंत आणि पुढेही काही काळ हे सभेत बोलण्याचे शास्त्र होते. पुढे चार्ल्स इलियट हे हार्वर्डचे अध्यक्ष असताना १८७४ मध्ये तेथे प्रवेशासाठी इंग्रजी निबंधाची लेखी परीक्षा सुरू झाली. शेक्सपिअर, स्कॉट, गोल्डस्मिथ यांच्या नेमलेल्या पुस्तकांवर छोटा निबंध लिहावयाचा. शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण सारे तपासले जाई. नामांकित खाजगी शाळांतून आलेल्या श्रीमंतांच्या मुलांपैकीही सुमारे निम्मी मुले नापास होऊ लागली! मग काय करावे? नापास मुलांना बाहेर ठेवले तर विद्यापीठ ओस पडणार. म्हणून १८८५च्या सुमारास पहिल्या वर्षाला निबंधलेखनाचा सक्तीचा वर्ग आला, आणि अ‍ॅडम्स शेर्मन हिल यांच्यासारख्या अध्यासनाधिकाऱ्यांच्या कारकीर्दीत बोलण्याचे प्राचीन शास्त्र आक्रसून चुका तपासण्याचे लाल पेन होऊन बसले. हार्वर्डचे अनुकरण देशभर झाले. आजही अमेरिकेतील बहुतेक सर्व महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा वर्ग पुरा करावा लागतो. सर्वांनीच ही वाट धरली असे नाही. मिशिगन विद्यापीठात फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी या विषयाचा सामाजिक आशय जपला आणि त्यांच्या हाताखाली गर्ट्रूड बक या विदुषीने १८९८ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पण तो प्रवाह क्षीण राहिला.

तो प्रवाह पुन्हा उसळला, तो कोणा विद्वानाच्या ग्रंथामुळे नव्हे. १९६९च्या वसंतात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात कृष्णवर्णीय आणि प्यूर्तो रिकन विद्यार्थ्यांनी दक्षिणेकडचे आवार ताब्यात घेतले. हार्लेम वस्तीच्या कुशीतले हे कॉलेज, शिक्षण मोफत, पण हार्लेमची मुले आत जवळजवळ नाहीत, कारण प्रवेश शाळेच्या गुणांवर! आंदोलनापुढे प्रशासनाला नमावे लागले आणि १९७० पासून न्यूयॉर्क शहर विद्यापीठाने शहरातील प्रत्येक शालान्त उत्तीर्ण विद्यार्थ्याला कोठे ना कोठे प्रवेश देण्याचे धोरण स्वीकारले. पहिल्या वर्षाची भरती सुमारे २० हजारांवरून ३५ हजारांच्या घरात गेली. काठावरच्या मंडळींनी 'दर्जा घसरला' म्हणून ओरड केली. ती ओरड आपल्या कानांना नवी नाही. मिना शॉनेसी या अध्यापिकेने मात्र वेगळे केले. त्या मुलांनी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध तिने बारकाईने वाचले आणि दाखवून दिले की, या चुका मूर्खपणाच्या नाहीत, त्यांना तर्क आहे. घरची बोली एक, शाळेची भाषा दुसरी आणि परीक्षकाची तिसरी, यांच्या कात्रीत सापडलेल्या बुद्धीची ती वाटचाल आहे. १९७७ मध्ये तिचे पुस्तक निघाले आणि लेखनशिक्षण हा संशोधनाचा विषय ठरला. पुढच्या दशकात वक्तृत्व आणि लेखन यांतील डॉक्टरेटचे अभ्यासक्रम भराभर वाढले, त्याच्या मुळाशी हे खुले प्रवेश होते. ज्या शॉनेसीच्या पुस्तकावर आज उमेदवार प्रबंध लिहितात तिच्यापाशी स्वतःची डॉक्टरेट नव्हती. आजच्या अटींनुसार तिला त्या विभागात प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्जही करता आला नसता!

खुल्या प्रवेशांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९७६ मध्ये शहराच्या आर्थिक पेचप्रसंगाचे निमित्त होऊन तेथील सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेले मोफत शिक्षण संपले, आणि १९९८ मध्ये वरच्या महाविद्यालयांतून कच्च्या विद्यार्थ्यांच्या पूरक वर्गांना निरोप देण्याचा निर्णय झाला. दार उघडायला आवार ताब्यात घ्यावे लागले. बंद करायला अंदाजपत्रक पुरले.

आता माहितीपत्रकात जी अट ठळकपणे छापलेली नसते तिच्याकडे वळतो. वक्तृत्वशास्त्राच्या डॉक्टरेटला ज्याची निवड होते त्याला बहुधा शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळते. त्याच्या बदल्यात त्याने शिकवायचे असते. काय शिकवायचे? तोच पहिल्या वर्षाचा सक्तीचा निबंधवर्ग. वीसेक मुलांचा वर्ग, दर पंधरवड्याला निबंध, प्रत्येक निबंधावर शेरे. हजारो विद्यार्थ्यांना सक्तीचा वर्ग म्हणजे शेकडो तुकड्या. त्यांना पूर्ण पगाराचे प्राध्यापक नेमले तर विद्यापीठाचा ताळेबंद कोलमडेल. म्हणजे प्रवेशसमिती विद्वान निवडते तेव्हा त्याच सहीने ती स्वस्त श्रमशक्तीही भरती करीत असते. प्रवेशपत्र हेच नेमणूकपत्र!

हे मी आपल्या परिभाषेच्या हौसेने म्हणत नाही. तेथील विद्यार्थ्यांनीच हे ओळखले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील अध्यापन साहाय्यकांनी १९७० मध्ये संप करून पहिला सामुदायिक करार पदरात पाडून घेतला. खाजगी विद्यापीठे मात्र 'हे विद्यार्थी आहेत, कामगार नव्हेत' असा धोशा लावून बसली होती. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात राष्ट्रीय कामगारसंबंध मंडळाने ते कर्मचारी आहेत असा निर्णय दिला. २०२२च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व आवारांतील सुमारे ४८ हजार शैक्षणिक कामगारांनी जवळपास सहा आठवडे संप केला आणि भरघोस वेतनवाढ मिळविली. मालकांचा प्रतिटोलाही ओळखीचाच आहे. बोस्टन विद्यापीठात सात महिन्यांच्या संपानंतर २०२४ मध्ये करार झाला, आणि लागलीच मानव्यविद्या व समाजशास्त्रांतील डझनभर विषयांचे डॉक्टरेटचे प्रवेश पुढच्या वर्षासाठी थांबविण्यात आले. वाढलेला खर्च हे कारण अधिष्ठात्यांनी दिले. २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठानेही मानव्यविद्यांचे अनेक प्रवेश रोखले वा घटविले. गिरणीमालक टाळेबंदी करतो तेव्हा निदान भोंगा बंद पडतो. येथे नुसती एक ओळ संकेतस्थळावर येते : यंदा अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.

आपल्याकडची दारे याहून न्याय्य आहेत काय? आपले माप निराळे आहे, एवढेच. मार्च २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नेट परीक्षेच्या गुणांवर पीएच. डी.चे प्रवेश देण्याचा निर्णय केला. ज्यांना कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते ते मुलाखतीवर. बाकीच्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. पर्यायांवर खुणा करून संशोधकाची पारख करावयाची, ही कल्पना मला हास्यास्पद वाटते. त्यातही १८ जून २०२४ रोजी नऊ लाखांवर उमेदवारांनी दिलेली ती परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, आणि ज्यांनी उसनवारी करून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन परीक्षा दिली त्यांनी पुन्हा खिशाला चाट लावून घेतली.

म्हणून अमेरिकन पद्धत आणावी, माणसाचा 'सर्वांगीण' विचार करावा, असे आपल्यातले काही उदार प्राध्यापक म्हणतात. त्यांना माझी विनंती आहे की, या सर्वांगीणतेचा इतिहास वाचा. १९२०च्या दशकात हार्वर्डसारख्या विद्यापीठांत पदवीपूर्व वर्गांत ज्यू विद्यार्थ्यांची संख्या परीक्षेच्या गुणांवर वाढू लागली, तेव्हा त्यांना आवरण्यासाठीच चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, छायाचित्र, शिफारशी यांना महत्त्व देण्यात आले. गुण मोजता येतात, वादात दाखविता येतात. 'व्यक्तिमत्त्व' मात्र परीक्षकाच्या डोळ्यांत असते. आपल्या देशात त्या डोळ्यांना जात दिसते. आयोगाच्या २०१६च्या नियमांनी लेखी परीक्षा नुसती पात्रतेपुरती ठेवून निवड मुलाखतीवर सोपविली होती, आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थी त्याविरुद्ध उठले. त्यांचा आक्षेप नेमका हाच होता : लेखी उत्तरात चांगले गुण मिळविणारा दलित, आदिवासी, ग्रामीण विद्यार्थी मुलाखतीच्या खोलीत का घसरतो? २०१८ मध्ये आयोगाला ७०-३०चे प्रमाण आणावे लागले. तेव्हा लेखन हवे, पण नाव झाकून वाचलेले हवे; ते उमेदवाराच्या भाषेत लिहिण्याची मुभा हवी; आणि मुलाखतीचे वजन असेल तेवढे उतरवावे, असे माझे मत आहे. नाव झाकलेल्या मराठी निबंधातूनही घराणे डोकावतेच, हे मला मान्य आहे. तरी ते आडनावाइतके मोठ्याने बोलत नाही.

शेवटी आपल्या घरचा, आणि मला सर्वांत झोंबणारा मुद्दा. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या शिष्यवृत्तीमुळे त्यांना कोणाचे निबंध तपासावे लागले नाहीत. सारा वेळ ग्रंथालयात देता आला. तरीही पदवीची वाट किती लांबली पाहा. प्रबंध १९१६ मध्ये तयार होता. परंतु छापील प्रती सादर करण्याचा नियम होता, तो ग्रंथ लंडनमध्ये १९२५ साली छापला गेला आणि डॉक्टरेट मिळाली १९२७ मध्ये. बुद्धीची अट पुरी झाल्यावर पैशाची अट किती वर्षे अडवून धरते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

कोलंबियात जॉन ड्यूई यांच्या व्याख्यानांना बसलेले हे आंबेडकर आज अमेरिकेतील वक्तृत्वशास्त्राच्या अभ्यासाचा विषय झाले आहेत. स्कॉट स्ट्राउड या अमेरिकन प्राध्यापकांचा आंबेडकर, ड्यूई आणि पुनर्रचनेचे वक्तृत्व यांवरील ग्रंथ २०२३ मध्ये शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केला. उत्तम झाले. पण आपल्या एखाद्या दलित मुलाला हाच विषय घेऊन तेथे जावयाचे असेल तर? केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती त्याच्यासाठीच आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी, आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर, म्हणजे या देशातील कोट्यवधी माणसे, यांच्यासाठी ४. त्या शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ साली एक कलम घालण्यात आले : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय घेणाऱ्यांना ती मिळणार नाही. या विषयांसाठी परदेशी जाण्याची गरज काय, असा सरकारचा युक्तिवाद. म्हणजे महाडच्या सत्याग्रहातील भाषणांची चिकित्सा ऑस्टिनचा गोरा प्राध्यापक करू शकतो, सरकारी शिष्यवृत्तीवर महाडचा मुलगा तेथे जाऊन ती करू शकत नाही! वर २०२५च्या जुलैमध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी आरंभी ४० जणांनाच पत्रे दिली गेली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास, असे उत्तर.

कोणी म्हणेल, पीएच. डी.ला तेथेच निर्वाहवेतन मिळते, मग सरकारी शिष्यवृत्ती कशाला? ती यासाठी की, ज्याच्यामागे स्वतःची शिष्यवृत्ती आहे त्याला विभाग खर्चाच्या कारणाने नाकारू शकत नाही, आणि ज्या वर्षी बोस्टनसारखी दारे बंद होतात त्या वर्षी तर तेवढाच आधार उरतो. म्हणून त्या कलमाविरुद्ध संसदेत आणि बाहेर आवाज उठविणे हे आपले काम आहे. शेतमजुरांच्या चार जागांविषयी शेतमजुरांच्या संघटनांनी काय करावे, याचाही विचार व्हावा.

आणि एक अगदी लहान, पण आपल्या हातातले काम. अमेरिकन विद्यापीठांच्या या विषयातील अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत संपते. गरजू उमेदवाराने मागितल्यास पुष्कळ विद्यापीठे अर्जशुल्क माफ करतात, पण ते मुदतीच्या आधी मागावे लागते, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. वीस पानांचा निबंध एका महिन्यात होत नाही. तेव्हा तुमच्या तालुक्यात असा एखादा मुलगा वा मुलगी असेल तर तिला जूनमध्येच गाठा, गावातल्या तासिकेवरच्या शिक्षकाला आणि शहरातल्या निवृत्त प्राध्यापकाला एकत्र बसवा, आणि शिफारसपत्र दोघांनी मिळून लिहावे. सही ज्याची चालेल त्याची.